छेद हा आकडा नाही हो, नाव आहे!

५/८ − २/८ किती? घरातल्या पाचवीतल्या पोराला विचारून बघा. ‘३/८’ म्हणाला तर लगेच खूश होऊ नका. पुढे विचारा, ‘आठातून आठ का नाही गेले रे?’ उत्तर ठरलेलं: ‘छेद तोच ठेवायचा असतो, बाईंनी सांगितलंय.’

माझा राग आहे तो या ‘ठेवायचा असतो’वर.

ज्या मुलाला नियम आठवत नाही, ते वर-खाली दोन्हीकडे वजाबाकी करतं आणि ३/० लिहून मोकळं होतं. आपण म्हणतो, लक्ष नाही. अहो, ‘पाच छेद आठ’ किंवा ‘फाइव्ह अपॉन एट’ असं वाचायला शिकवलं की कानावर दोन आकडे पडतात. दोन आकडे दिले की मूल दोन्ही वजा करणारच! तेच ‘पाच अष्टमांश’ म्हणायला लावा. पाच अष्टमांशांतून दोन अष्टमांश गेले, तीन अष्टमांश उरले. पाच आंब्यांतून दोन आंबे जावेत तसे. ‘अष्टमांश’ हे नाव आहे, ते कशाला वजा होईल?

आमच्या देहूरोडहून तळवड्याकडे गेलात की फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेच गणित रोज चालतं. तिथे इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पाच सुतांतून दोन सूत गेले, तीन सूत उरले. आणि अर्ध्या इंचातून तीन सूत? अर्धा इंच म्हणजे चार सूत, उरलं एक सूत. झाली की भिन्न छेदांची वजाबाकी! १९५७ मध्ये नवे पैसे आले, तोवर आपले आजी-आजोबा रुपयाच्या सोळा आण्यांत हेच करत. तेरा आण्यांतून पाच आणे गेले, आठ आणे उरले. खालचे सोळा कुठे गेले, असं कुणी विचारलं नाही.

‘पण नियम पाठ केला की मार्क मिळतात ना?’ मिळतात. पुढच्या धड्यात १/२ − १/३ आलं की तोच नियम हात वर करतो. सूत कळलेलं मूल मात्र म्हणेल, आधी दोघांना एक नाव द्या. सहावे हिस्से करा: तिनांतून दोन गेले, एक षष्ठांश.

तेव्हा काका-मामा-मावशी मंडळी, या सुट्टीत भाचरांना वर्कशीटची चळत देऊ नका. हातात टेप द्या, घरातल्या फळ्या मोजू द्या. नियम त्यांचा त्यांना सापडेल. आणि स्वतः सापडलेला नियम कुणी विसरत नाही.