विश्लेषण : क्लासिकल गिटार सोडून इलेक्ट्रिक... आधीची वर्षे वाया जातात का?

पाच-सहा वर्षे क्लासिकल गिटार शिकलेला मुलगा एक दिवस घरी सांगतो, ‘आता मला इलेक्ट्रिक वाजवायची आहे.’ इतकी वर्षे, इतकी फी पाण्यात गेली की काय, असे पालकांना वाटते. मुलाला वाटते, तारा सहाच, त्यांची जुळणीही तीच, म्हणजे आठवडाभरात जमेल. दोन्ही अंदाज चुकीचे आहेत. ही वरची इयत्ता नाही आणि घसरणही नाही. हे बरेचसे नवे वाद्य आहे.

नेमके काय बदलते?

क्लासिकल गिटारच्या तारा नायलॉनच्या असतात आणि आवाज लाकडी पेटीतून घुमतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. धातूची तार हलली की वेटोळ्यात विद्युत संकेत तयार होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. म्हणून या पिकअपसमोर नायलॉनच्या तारा मुक्याच राहतात. क्लासिकल गिटारची नेक वरच्या टोकाला साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, इलेक्ट्रिकची ४२-४३. रुंद नेकची सवय झालेली बोटे सुरुवातीला शेजारच्या तारेला लागतात. बारीक स्टीलची तार बोटांच्या टोकांनाही चावते.

उजव्या हाताची मेहनत फुकट जाते का?

नाही. इलेक्ट्रिकवर पिक शिकावेच लागते आणि काही महिने हात नवशिक्याचा वाटतो. पण बोटांनी वाजवण्याची कला मोडीत निघत नाही. ‘डायर स्ट्रेट्स’चे मार्क नॉफ्लर इलेक्ट्रिक गिटार पिकशिवाय, बोटांनीच वाजवतात. खरी अडचण नखांची आहे. क्लासिकलसाठी जपलेली नखे स्टीलच्या तारांवर झिजतात. दोन्ही वाद्ये वाजवायची असतील तर हे आधीच लक्षात घ्यावे.

सर्वात अवघड काय?

अनेकांना वाटते वेग. प्रत्यक्षात अवघड असते ती शांतता. क्लासिकलमध्ये तारांचे घुमणे हवेसे असते. अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या गिटारवर, त्यातही डिस्टॉर्शन लावले असेल तर, नको असलेली प्रत्येक तार गोंगाट करते. म्हणून उजव्या तळव्याने आणि डाव्या बोटांनी बाकीच्या तारा सतत दाबून ठेवाव्या लागतात. दुसरी नवी गोष्ट म्हणजे बेंडिंग, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवणे. त्यासाठी बोटांत ताकद हवीच, पण सूर नेमका कुठे थांबवायचा हे सांगणारा कानही हवा. अ‍ॅम्प्लिफायर चुका झाकतो, हा गैरसमज आहे. तो त्या मोठ्याने ऐकवतो.

परंपरेचा विरोध योग्य आहे का?

आंद्रेस सेगोव्हिया यांच्यासारख्या दिग्गजाला इलेक्ट्रिक गिटार मान्य नव्हती. पण आज ‘शुद्ध’ वाटणाऱ्या नायलॉनच्या तारा १९४० च्या दशकात आल्या. त्याआधी आतड्याच्या तारा वापरत. नायलॉनच्या तारांचे स्वागत करणाऱ्यांत सेगोव्हिया स्वतः होते. परंपराही बदल स्वीकारते, हे त्यातून दिसते. उलट दिशेचेही उदाहरण आहे. ऑझी ऑस्बॉर्न यांचे गिटारवादक रँडी ऱ्होड्स रॉकमध्ये नाव मिळाल्यावरही दौऱ्यांत क्लासिकलचे धडे घेत.

परीक्षांचे काय?

मुंबई-पुण्यात अनेक मुले ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा देतात. तिथे क्लासिकल गिटार आणि ‘रॉक अँड पॉप’ हे वेगळे अभ्यासक्रम आहेत. क्लासिकलची पाचवी ग्रेड झाली म्हणून रॉकमध्ये थेट सहावीला बसवण्याची घाई टाळावी. मुलाला नोटेशन वाचता येते, पण ड्रमसोबत ताल धरणे आणि कॉर्ड ऐकून ओळखणे बहुतेकदा कच्चे असते. क्लासिकल वादक बहुधा एकटा वाजवतो, इलेक्ट्रिक वादकाला बँडमध्ये इतरांसाठी जागा सोडावी लागते.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, जुनी गिटार विकू नये. रोज पंधरा मिनिटे तीही वाजवावी. दुसरी, महागड्या इफेक्ट पेडलआधी साधा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा आणि पहिले काही आठवडे स्वच्छ आवाजातच सराव करावा. तिसरी, सोलोआधी रिदम शिकावा आणि शक्य तितक्या लवकर कुणासोबत तरी वाजवावे. डाव्या हाताची शिस्त, वाचन आणि रोज बसण्याची सवय ही जुन्या वर्षांची कमाई सोबत येतेच. पालकांनी मुलाला सहा महिने मोकळे द्यावेत. त्या काळात ‘आता कितवी ग्रेड?’ हा प्रश्न विचारू नये. बळजबरीने क्लासिकलला बांधून ठेवलेला मुलगा अनेकदा गिटारच सोडतो, आणि ती वर्षे वाया जातात ती तेव्हा.