अडतो तो हिरवा उजेड

भिलईच्या नेहरू नगरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा दुपारी वर्गाचे पडदे ओढून भिंतीवर चित्र टाकलं आणि ते फिकट दिसलं, तर सगळा दोष खिडकीच्या फटीला देऊ नये. प्रोजेक्टरमधल्या एलईडीलाही उष्णता सोसत नाही. त्यातला लाल दिवा सर्वांत नाजूक. ताप वाढला की त्याचं तेज निळ्यापेक्षा फार लवकर उतरतं.

तरीही शाळांसाठी एलईडीच योग्य. पाऱ्याच्या वाफेचा लॅम्प काही हजार तासांत थकतो, एलईडी २० हजार तासांच्या घरात जातो. त्यात पारा नाही आणि बटण दाबताच तो पूर्ण उजळतो.

मग मोठ्या सभागृहात तो मागे का पडतो? नुसते वॅट वाढवून इथे भागत नाही. एलईडीचा उजेड चहूकडे पसरतो. चित्र घडवणारी चिप मात्र नखाएवढी, आणि ठरावीक कोनातून आलेला उजेडच ती कामी लावते. अरुंद तोंडाच्या घागरीवर दहा हंडे एकदम उपडे केले, तर बहुतेक पाणी बाहेरच जाणार. दिवा मोठा केला की नेमकं हेच होतं.

खरी अडचण हिरव्याची. डोळ्याला हिरवा सर्वांत प्रखर भासतो, त्यामुळे पांढऱ्या उजेडात मोठा वाटा त्याचाच. आणि हिरवा एलईडी निळ्याइतकी वीज सार्थकी लावत नाही. कॅसिओने २०१० साली निळ्या लेझरने फॉस्फर (निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा उजेड देणारा पदार्थ) उजळून हिरवा मिळवला आणि एलईडी लाल रंगापुरता ठेवला. फिलिप्सने पुढे फॉस्फरची बारीक कांडी घेऊन तिच्या बाजूंना निळे एलईडी ओळीने बसवले. कांडी आतल्या आत हिरवी उजळते आणि तो उजेड तिच्या टोकाच्या चिमुकल्या तोंडातून बाहेर पडतो. कितीतरी दिव्यांचं तेज एका अरुंद वाटेने काढणारी ही युक्ती फार मोलाची आहे.

मराठी माणसाला पडद्यामागच्या दिव्याचं वेड जुनंच. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास रंगवलेल्या काचांमागे दिवा ठेवून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. पुढे जत्रेतल्या तंबूत सिनेमाच्या दिव्यासाठी कार्बनच्या कांड्या जळाल्या. पडद्यासाठी दिवा घडवण्याचं हे काम पुढे न्यायला हवं, तेही आपल्या उन्हात टिकणारं करून. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनतात. विदर्भात आणि छत्तीसगडात मे महिना त्याहून तापतो. दुर्गजवळच्या कुटेलाभाट्यात भिलई आयआयटीचा कायमचा परिसर आहे. लाल दिवा थंड ठेवण्याची स्वस्त रीत शोधायला याहून चांगली जागा कोणती?

तोवर शाळांच्या खरेदी समित्यांनी खोक्यावरच्या ल्युमेनच्या, म्हणजे उजेडाच्या, मोठ्या आकड्याला भुलू नये. ‘एलईडी ल्युमेन’ नको, आयएसओ पद्धतीने मोजलेले ल्युमेन लेखी मागा, आणि यंत्र किती अंशांपर्यंत चालतं तेही निविदेत लिहून घ्या.