विमाने उडाली, यंत्रज्ञ राहिले!

विमानाच्या प्रवाशास वैमानिकाचा आवाज ऐकू येतो, हवाई सुंदरीचे स्मित दिसते. परंतु मध्यरात्री हँगरमध्ये एंजिनाचे झाकण उघडून ते निर्दोष असल्याबद्दल ज्याने आपली सही केली, तो यंत्रज्ञ त्याला जन्मात दिसत नाही. जो दिसत नाही त्याच्या नोकरीवर कुऱ्हाड चालविणे सोपे असते. अमेरिकेतील नॉर्थवेस्ट विमान कंपनीच्या यंत्रज्ञांनी २००५ साली जो संप केला, त्याला आता वीस वर्षे उलटून गेली आहेत. तथापि त्या संपाने कामगार चळवळीस जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर अद्याप कोणीही नीट दिलेले नाही.

कंपनीची मागणी उघड होती. यंत्रज्ञ व सफाई कामगार यांच्या वेतनात सुमारे पंचवीस टक्के कपात आणि जवळजवळ निम्म्या जागा रद्द! विमानांची देखभाल बाहेरच्या कंत्राटदारांकडे सोपविली की पैसे वाचतात, हा त्यामागचा हिशेब. अमेरिकेत विमान कामगारांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे. १९३६ मध्ये तो विमान वाहतुकीस जोडण्यात आला. त्या कायद्याप्रमाणे मध्यस्थी झाली, तीस दिवसांचा थंडावण्याचा अवधी संपला आणि २० ऑगस्ट २००५ रोजी सुमारे ४,४०० कामगार बाहेर पडले. पण कंपनी बेसावध नव्हती. बदली माणसे तिने महिनोन् महिने आधीच शिकवून सज्ज ठेवली होती. विमाने उडत राहिली! सप्टेंबरमध्ये कंपनीने बदली कामगारांना कायम करण्यास आरंभ केला आणि त्याच महिन्यात दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रयही घेतला.

मग शेजारचे कामगार कोठे होते? ते कामावर होते! ह्याचे कारण कटू असले तरी सांगितलेच पाहिजे. ह्या यंत्रज्ञांनी काही वर्षांपूर्वीच, सामान उचलणाऱ्यांसह सर्वांना सामावून घेणारी मोठी मशिनिस्ट संघटना मतदानाने सोडली होती आणि केवळ आपल्या धंद्याची अशी ‘एअरक्राफ्ट मेकॅनिक्स फ्रॅटर्नल असोसिएशन’ जवळ केली होती. परवानाधारक कुशल कारागिराचे मोल हमालाच्या मजुरीबरोबर एका तागडीत तोलले जाते, ही त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. परंतु ज्यांना सोडले त्यांनी संकटकाळी धावून यावे, ही अपेक्षा भाबडी होती. वैमानिकांनीही पाठ फिरविली.

आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो मतपत्रिकेचा इतिहास. २००५ च्या डिसेंबरमध्ये तडजोडीचा प्रस्ताव मतास टाकला गेला. सभासदांनी तो फेटाळला. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांनी समझोता मान्य केला आणि संप संपला. पण तोवर त्यांच्या जागी दुसरी माणसे केव्हाच बसली होती. जे राखावयाचे ते हातचे गेल्यावर मान डोलावली काय किंवा हलविली काय, सारखेच! उलट युनायटेड विमान कंपनीच्या यंत्रज्ञांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये ९३ टक्के मतांनी करार धुडकावला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सुधारलेला करार स्वीकारला. तेव्हा कंपनी नफ्यात होती, यंत्रज्ञ कामावर होते. म्हणून त्यांच्या ‘नाही’ला वजन होते.

करारावर मत देणे हे दिसते तितके सोपे नव्हे. निवृत्तीस आलेला यंत्रज्ञ पेन्शनचा आकडा पाहतो. नुकताच भरती झालेला तरुण हँगर दहा वर्षांनी उघडा राहील की नाही, हे पाहतो. दोघांच्या हाती कागद मात्र एकच, ‘होय’ किंवा ‘नाही’चा. त्यातच वेतनवाढीचा आकडा ठळक अक्षरांत येतो, आणि किती देखभाल बाहेर पाठवावयाची ह्याचे कलम आतल्या पानावर दडलेले असते. आमच्या मते प्रथम वाचावयाचे ते हे कलम. वाढलेले वेतन पुढच्या करारात कापता येते. परदेशी गेलेला हँगर परत येत नाही. आणि देखभाल दूरच्या कंत्राटदाराच्या कोठारात गेली की तपासणी अधिकाऱ्याची नजरही तितकीच दूर जाते, ही प्रवाशांच्याही काळजीची बाब आहे.

मुंबईकर वाचकास हे सारे परके वाटू नये. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा १९४६ च्या कायद्याने ‘प्रातिनिधिक’ ठरलेली युनियन एकीकडे आणि लाखो कामगार दुसरीकडे असे चित्र होते; कामगारांस कोण हवे, हे गुप्त मतदानाने कोणी विचारलेच नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली, तेव्हा तिच्या विमानांची देखभाल करणारी अभियांत्रिकी कंपनी त्या सौद्यात नव्हती; ती सरकारकडेच राहिली. विमाने एका मालकाची आणि त्यांचे यंत्रज्ञ दुसऱ्याचे, अशी ही वाटणी! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ५१ टक्के कामगारांची युनियन हीच वाटाघाटीची एकमेव अधिकारी ठरविली आहे. परंतु त्या युनियनने केलेला करार सभासदांपुढे गुप्त मतदानासाठी ठेवलाच पाहिजे, असे बंधन संहितेत नाही. सरकार ते घालीपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक युनियनने आपल्या घटनेत ते कलम आजच घालावे, आणि मतदानापूर्वी कराराचा संपूर्ण मसुदा प्रत्येक सभासदाच्या हाती मराठीत पडेल, अशी तजवीज करावी.