पडदा उजळला, वर्ग अंधारला

नवी मुंबईत नेरुळ आणि कामोठे या दोन वसाहतींत मिळून तीन वैद्यकीय महाविद्यालये आहेत: डी. वाय. पाटील, तेरणा आणि एमजीएम. ती १९९० च्या आसपास उभी राहिली. पॉवरपॉइंट बाजारात आले ते १९८७ मध्ये. म्हणजे खडू-फळ्यापासून स्मार्ट बोर्डापर्यंतचा सगळा प्रवास प्राध्यापकांच्या एकाच पिढीने पाहिला. आज राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत दृश्य सारखेच असते. दीड-दोनशे मुले, वातानुकूलित सभागृह, मालवलेले दिवे, मजकुराने गच्च भरलेली स्लाइड आणि ती जशीच्या तशी वाचून दाखवणारा आवाज. तास दुपारी दोनचा असेल आणि मूल कर्जतहून पहाटेची लोकल पकडून आलेले असेल, तर त्याला डुलकी लागली यात त्याचा दोष किती?

मल्टिमीडियाने मुले गुंततात, असे सरसकट म्हटले जाते. नॅकच्या मूल्यांकनातही शिक्षक अशी साधने वापरतात का, हे पाहिले जाते. पडद्यावर नेमके काय आहे आणि त्या वेळी मुलाच्या डोक्यात काय चालले आहे, याची चौकशी मात्र फारशी होत नाही.

ही चौकशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षे केली. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. चित्र पाहत असताना त्याचे स्पष्टीकरण कानावर पडले, तर डोळे आणि कान काम वाटून घेतात आणि समज पक्की होते. पण पडद्यावर लांबलचक वाक्ये असतील आणि शिक्षक तीच वाचत असेल, तर मूल वाचायचे की ऐकायचे या ओढाताणीत सापडते. विषयाशी संबंध नसलेले मजेदार चित्र किंवा उड्या मारणारी अक्षरेही शिकण्याला मदत करत नाहीत, उलट अडथळा आणतात. म्हणजे तास रंजक झाला तरी विषय डोक्यात शिरलेला नसू शकतो.

मग ही साधने फेकून द्यायची का? मुळीच नाही. हृदयाच्या झडपा कधी उघडतात आणि कधी मिटतात, हे फळ्यावरच्या स्थिर आकृतीतून समजायला तास लागतो. चांगले चलचित्र ते दोन मिनिटांत दाखवते. मर्मर म्हणजे हृदयाचा जादा आवाज. त्याचे वर्णन कितीही शब्दांत केले तरी तो कानांनी ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि एका रुग्णाच्या छातीवर दोनशे स्टेथोस्कोप लावता येत नाहीत. लसीकरणामुळे काही आजार आता विद्यार्थ्यांच्या नजरेस क्वचितच पडतात. भारत मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. धनुर्वाताने ताठरलेले नवजात बाळ आजच्या इंटर्नने बहुधा पाहिलेलेही नसेल. तेच बाळ उद्या एखाद्या आडगावच्या आरोग्य केंद्रात समोर आले, तर ओळखायचे कसे? त्याने कधी पाहिलेली एक मिनिटाची चित्रफीत तिथे जीव वाचवू शकते. (अशी चित्रफीत रुग्णाच्या किंवा पालकांच्या लेखी संमतीनेच घ्यायची असते. वॉर्डात मोबाइलवर घाईत टिपून व्हॉट्सॲपवर फिरवलेली क्लिप म्हणजे अध्यापन नव्हे.)

पण चित्रफीत दाखवून पुढच्या स्लाइडकडे वळले, तर तीही वाया जाते. आवाज ऐकवावा, थांबावे आणि विचारावे, ‘हा कोणत्या झडपेचा? का?’ शेजाऱ्याशी बोलायला दोन मिनिटे द्यावीत. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत झालेला एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र स्वतः प्रश्न सोडवत धडपडलेल्या मुलांना जास्त गुण मिळाले. सत्राअखेरीस भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्रायाच्या फॉर्मवर किती विसंबायचे, हे त्यावरून ठरवावे.

वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून आलेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने व्याख्यानांना एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ देऊ नये, असे सांगितले आहे. उरलेला वेळ संवादाचा आणि प्रत्यक्ष कामाचा. कागदावर हे झाले. पण दोनशे मुलांचे गट पाडायला शिक्षक लागतात, आणि ते कमी असले की वेळापत्रकात ‘गटचर्चा’ लिहून सभागृहात तीच स्लाइडमाला चालते. प्रोजेक्टर विकत घेणे त्या मानाने सोपे असते.

भाषेचा प्रश्न तर चर्चेतही येत नाही. नंदुरबार किंवा हिंगोलीहून मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी इंग्रजी संज्ञा कानावर पडतात, पण स्पेलिंग उमगत नाही. अशा मुलांसाठी पडद्यावर मोजके शब्द असणे फायद्याचे ठरते, हे संशोधनही मान्य करते. तेव्हा आकृतीशेजारी चार-पाच इंग्रजी संज्ञा ठळक अक्षरांत ठेवाव्यात, बाकीचा मजकूर काढून टाकावा, आणि गुंतागुंतीचा भाग समजावताना दोन वाक्ये मराठीत बोलावीत. पुढे ओपीडीत रुग्णाशी तिला त्याच भाषेत बोलायचे आहे. यासाठी नवे उपकरण लागत नाही. आदल्या रात्री स्लाइड उघडून त्यातली निम्मी वाक्ये खोडावी लागतात, आणि तासाला खोलीतले दिवे चालू ठेवावे लागतात.