मूठभर माणसें आणि त्यांमागील व्यवस्था

सैन्य म्हटलें कीं तोफा, रणगाडे आणि हजारोंच्या रांगा आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु शत्रूच्या मुलखांत गुपचूप शिरून एकच नेमकें कार्य साधणाऱ्या निवडक सैनिकांचें महत्त्व आज सर्वत्र वाढलें आहे. ह्या विशेष दलांचें यश केवळ शौर्यावर अवलंबून असतें, हा समज किती अपुरा आहे, हें अमेरिकेस जबर किंमत मोजून शिकावें लागलें.

इराणांत ओलीस असलेल्या अमेरिकनांच्या सुटकेसाठीं २४ एप्रिल १९८० रोजीं एक मोहीम निघाली. छापा घालणारे शिपाई भूसेनेचे, हेलिकॉप्टरें नौदलाचीं, तीं चालविणारे बहुतेक मरीन दलाचे, आणि विमानें हवाई दलाचीं! सर्वांची मिळून एकहि पुरती रंगीत तालीम झालेली नव्हती. आठ हेलिकॉप्टरांपैकीं, धुळीच्या वादळामुळें व बिघाडांमुळें, पांचच कामाचीं उरलीं. निदान सहा तरी हवीं होतीं. मोहीम सोडून देण्यांत आली. परतण्याच्या तयारींत एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलें व आठ जण प्राणांस मुकले. शत्रूशीं गांठ पडण्यापूर्वींच हें घडलें!

शूर माणसांची तेथें वाण नव्हती. वाण होती ती त्यांस एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थेची. म्हणूनच १९८६ सालीं कायदा होऊन, १९८७ च्या एप्रिलांत अशा सर्व दलांसाठीं एक स्वतंत्र अधिपत्य स्थापन झालें. आपल्याकडेहि पॅरा, मार्कोस व गरुड या तीन सेनांच्या दलांस एकत्र आणणारा विभाग २०१९ सालीं उभारण्यांत आला.

परंतु यशाबरोबर मोहहि येतो. अफगाणिस्तान व इराक येथें अमेरिकेनें हीं दलें वर्षानुवर्षें रात्रीच्या छाप्यांस जुंपलीं. परक्या मुलखांत राहून तेथील लोकांस तयार करण्याचें त्यांचें जुनें काम मागें पडलें. आतां तर उपग्रह व ड्रोन यांच्या नजरेमुळें लपून जाणेंहि कठीण झालें आहे. म्हणून उद्यांच्या दलांत नेमबाजाइतकाच भाषा जाणणारा व यंत्रें जाणणारा मनुष्य लागेल. अशीं माणसें संकट आल्यावर घाईनें घडवितां येत नाहींत; आणि हातीं आहेत म्हणून कोणत्याहि कामास खर्चावयाचींहि नसतात.

वाचकहो, ज्या घरचा मुलगा अशा कामगिरीवर जातो, त्या घरास त्याच्या धैर्याविषयीं शंका नसते. पाठविणारांनीं आपली तयारी पुरती केली आहे काय, हा प्रश्न मात्र त्या घराच्या वतीनें आपण सर्वांनीं विचारीत राहिलें पाहिजे.