मत मांडावे, पण आधार दाखवावा



गेल्या अंकात ‘आमचे मत’ या पानावर आपल्या नववी-दहावीच्या चार विद्यार्थ्यांनी ‘फायनल फँटसी’ या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेवर आपापली मते लिहिली होती. अंक घरोघरी पोहोचल्यावर काही पालकांचे फोन आले आणि विश्वस्तांच्या बैठकीतही विषय निघाला. शाळेच्या पत्रिकेत गेमला जागा कशाला, हे पान बंद करून तेथे सुभाषिते आणि सामान्यज्ञान द्यावे, अशी सूचना आली आहे. निर्णय पुढील बैठकीत होईल. त्यापूर्वी आमचे म्हणणे सर्वांपुढे ठेवणे आम्हास योग्य वाटते. हे पान चालू राहावे असे आमचे मत आहे. मात्र त्यावर लिहिण्याची रीत सुधारली पाहिजे, हेही तितकेच खरे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. जपानच्या स्क्वेअर या कंपनीने १९८७ साली ‘फायनल फँटसी’चा पहिला भाग काढला. हिरोनोबु साकागुची हे त्याचे प्रमुख निर्माते. हा ‘रोल-प्लेइंग गेम’ आहे, म्हणजे खेळणारा एका लांबलचक कथेतील पात्रांची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, लढाया करतो आणि कथा पुढे नेतो. एक भाग संपवायला तीस-चाळीस तास सहज लागतात. २०२३ साली या मालिकेचा सोळावा भाग आला. गंमत अशी की बहुतेक प्रत्येक भागाची कथा, जग आणि पात्रे नवी असतात. चोकोबो नावाचा स्वारीचा मोठा पक्षी आणि सिड नावाचा कोणीतरी माणूस, अशा थोड्या खुणा मात्र दुसऱ्या भागापासून पुन्हा पुन्हा भेटत राहतात.

आता मुद्द्याकडे येऊ. गेल्या अंकात एका विद्यार्थ्याने लिहिले की तिसरा भाग सर्वांत थोर, त्याच्यासारखी कथा दुसरी नाही. दुसऱ्याने लिहिले की तिसऱ्या भागाची कथा अगदी साधी आहे, मजा आहे ती पात्रांचा पेशा बदलत राहण्यात. वर्गात यावरून चांगलीच जुंपली. आम्ही दोघांना बोलावून विचारपूस केली, तेव्हा कळले की दोघे दोन वेगवेगळ्या गेमविषयी बोलत होते!

हे कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे. पहिला भाग अमेरिकेत १९९० साली पोहोचला. जपानमध्ये १९८८ आणि १९९० साली निघालेले दुसरा आणि तिसरा हे भाग त्या काळी अमेरिकेत गेलेच नाहीत. १९९१ चा चौथा भाग तेथे गेला, पण ‘दोन’ हा आकडा लावून. पाचवा पुन्हा मागे राहिला आणि १९९४ चा सहावा भाग तेथे ‘तीन’ म्हणून विकला गेला. १९९७ साली सातवा भाग मात्र ‘सात’ म्हणूनच गेला. अमेरिकेतील दुकानात तीननंतर एकदम सात! म्हणून त्या काळच्या अमेरिकन चाहत्याने ‘तिसरा भाग थोर’ असे म्हटले, तर त्याचा अर्थ जपानचा सहावा भाग असा घ्यावा लागतो. आपल्या पहिल्या विद्यार्थ्याने असेच कुठले तरी जुने अमेरिकन मत वाचून आपल्या नावावर उतरवले होते. दुसऱ्याने अलीकडे मोबाईलवर निघालेला खरा तिसरा भाग स्वतः खेळला होता. त्याचे लेखन चार ओळींचेच होते, परंतु ते त्याचे स्वतःचे होते. आमच्या दृष्टीने या पानाचा सगळा प्रश्न या दोन मतांत आला.

परदेशातून आलेल्या वस्तूविषयी मत देताना ती आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली हे आधी पाहावे लागते. त्या सहाव्या भागाचेच उदाहरण घ्या. त्याचे इंग्रजी भाषांतर टेड वूल्सी यांनी केले. त्यासाठी त्यांना सुमारे महिनाभराचाच अवधी मिळाला होता. गेमच्या कॅसेटमध्ये अक्षरांना जागा मोजकी, त्यामुळे संवाद कापावे लागत. त्यातच निन्टेंडो कंपनीच्या अमेरिकेतील नियमांनुसार धर्म आणि मद्य यांचे उल्लेख टाळायचे होते, म्हणून मद्यालयाचे ‘कॅफे’ झाले आणि ‘होली’ या मंत्राचे नाव ‘पर्ल’ पडले. कथेच्या नायिकेचे जपानी नाव टीना. जपानी कानाला ते दूरदेशीचे, गूढ वाटे. अमेरिकेत मात्र टीना प्रत्येक वर्गात असायची. म्हणून वूल्सी यांनी तिचे ‘टेरा’ केले. अक्षर बदलले, पण परिणाम तोच राखला. आता हे भाषांतर प्रामाणिक म्हणायचे की नाही? यावर चाहत्यांमध्ये जवळजवळ तीस वर्षे वाद चालू आहे. कोणी म्हणतो मूळ बिघडवले, कोणी म्हणतो त्यांच्यामुळेच कथा जिवंत वाटली. पुढे नवी, अधिक काटेकोर भाषांतरे आली, तरी टेरा हे नाव इंग्रजीत कायम राहिले.

सातव्या भागातील एका पात्राच्या नावाचेही असेच. जपानी भाषेत ‘थ’चा इंग्रजी उच्चार नाही, त्यामुळे ‘एरिस’ आणि ‘एरिथ’ ही दोन्ही नावे तेथे एकाच प्रकारे लिहिली जातात. १९९७ च्या इंग्रजी आवृत्तीत ती एरिस झाली, नंतरच्या काळात कंपनीने एरिथ केले. ज्यांनी तिच्या मृत्यूच्या प्रसंगी १९९७ साली डोळे पुसले, त्यांच्यापैकी अनेकांसाठी ती आजही एरिसच आहे.

हा वाद आपल्याला परका वाटू नये. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शरच्चंद्र चट्टोपाध्याय आम्ही वाचले ते हिंदीतून, आणि आमच्या आईने वाचले ते मामा वरेरकरांच्या मराठी अनुवादातून. बंगाली मूळ दोघांपैकी कोणीच पाहिले नव्हते, तरी कोणता अनुवाद सरस यावर घरात तावातावाने बोलणे होई. इंदूरच्या मराठी घरात वाढणारे मूल रोज हेच करते. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, पुस्तकात इंग्रजी. जपानी कथा इंग्रजीतून वाचून तिच्यावर मराठीत लिहिणारा विद्यार्थी तीन भाषांचा पूल ओलांडत असतो. हे काम सामान्यज्ञानाचे दहा प्रश्न उतरवून काढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

चाहत्यांचे मत नेहमीच बरोबर असते असेही समजू नये. दीर्घ मालिकेत बहुधा ज्याने जो भाग प्रथम खेळला तोच त्याला सर्वश्रेष्ठ वाटतो. आपल्या शहरात पोह्यांचे तसेच आहे, ज्याच्या गल्लीत जो ठेला तोच उत्तम! २०२० साली सातव्या भागाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात मूळ गेमच्या सुरुवातीचा, मिडगर या एका नगरातील भाग तेवढा विस्ताराने मांडला आणि कथेतही फेरफार केले. जुन्या चाहत्यांत दोन तट पडले. काहींना तो आपल्या आठवणींवरचा घाला वाटला, तर काहींना जुन्या मित्राची नवी ओळख. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, पण आपण कोणत्या जागी उभे आहोत हे त्यांनी सांगितले तरच.

आणि मताने काहीच होत नाही, असेही नाही. इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळण्याचा चौदावा भाग २०१० साली निघाला तेव्हा इतका सदोष होता की खेळणारे संतापले. कंपनीने जाहीर माफी मागितली, नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे दिली, २०१२ साली तो गेम बंद केला आणि २०१३ साली नव्याने उभारून आणला. तोच पुढे अतिशय लोकप्रिय झाला. नुसत्या ‘बकवास’ या शब्दाने एवढे काम झाले नसते. कुठे अडते, काय संथ आहे, काय निरर्थक आहे, हे लोकांनी नेमके सांगितले म्हणून दुरुस्ती करता आली.

पालकांची काळजी आम्हास समजते. चाळीस तासांचा गेम म्हणजे चाळीस तासांचा वेळ, तो अभ्यासातून आणि मैदानातून जातो. सर्व भाग सर्व वयांसाठी नाहीत, हेही खरे. सोळाव्या भागाला अमेरिकेत १७ वर्षांवरील वयाचे प्रमाणपत्र आहे, तेव्हा शाळकरी मुलांनी तो खेळावा असे आम्ही म्हणणार नाही आणि त्यावरील लेखही घेणार नाही. परंतु मुले जे खेळतात त्याविषयी त्यांनी आपल्यापाशी बोलूच नये, हा त्यावरचा उपाय नव्हे. मूल गेमवर लिहिते तेव्हा ते काय पाहते आणि त्याला काय भावते हे आपल्याला घरबसल्या कळते.

आणखी एक गोष्ट विश्वस्तांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. या पत्रिकेसाठी मराठी लेख मिळवायला वर्गशिक्षकांना मुलांच्या मागे लागावे लागते. आलेल्या लेखांत पुष्कळ वेळा आई-वडिलांचा हात दिसतो. गेमवरील ही चार मते मात्र कोणी न सांगता आली, मराठीत आली आणि शुद्धलेखनाच्या चुकांसह आली. त्या चुका पाहून आम्हास समाधानच वाटले, कारण त्या मुलांच्याच होत्या. महाराष्ट्राबाहेर मराठी टिकवायची तर ती केवळ गणेशोत्सवाच्या निबंधापुरती ठेवून चालणार नाही. मुलाला ज्याची ओढ आहे, ज्यावर भांडावेसे वाटते, त्याविषयी त्याला मराठीत बोलता आले पाहिजे. हे पान बंद केले तर ही मुले मते देणे थांबवणार नाहीत. ती दुसरीकडे, दुसऱ्या भाषेत देतील.

म्हणून आमची सूचना अशी की पान ठेवावे आणि लिहिणाऱ्यांना पुढील नियम घालून द्यावेत. जे स्वतः खेळले, वाचले किंवा पाहिले असेल त्यावरच लिहावे. कोणती आवृत्ती, कोणत्या भाषेतील, हे पहिल्याच ओळीत सांगावे. ‘भारी’ किंवा ‘बकवास’ म्हणायचे असेल तर एक तरी प्रसंग आधाराला द्यावा. दुसऱ्याचे मत घेतले असेल तर ते दुसऱ्याचे आहे असे लिहावे. आणि ज्याचे मत आपल्या उलट आहे, त्याचे एक तरी म्हणणे मान्य करून पाहावे. हे नियम कादंबरीला, नाटकाला, क्रिकेटच्या सामन्याला आणि हो, प्राचार्यांच्या या लेखालाही लागू आहेत.

पालकांनी आणि विश्वस्तांनी आपले मत बैठकीपूर्वी लेखी कळवावे, ही नम्र विनंती. अनुकूल असो वा प्रतिकूल, आधारासह आलेले प्रत्येक मत आम्ही बैठकीत वाचून दाखवू.