पंगतीला बसण्याआधी

लग्नसराई सुरू झाली की माझ्या मोबाइलवर दोनच गोष्टी येतात. लोनच्या ऑफर आणि गावाकडच्या पत्रिका! मी मूळची बीडची, नोकरी पुण्यात. शुक्रवारी लॅपटॉप बंद, रात्रीची बस, शनिवारी मांडव आणि सोमवारी पुन्हा मीटिंग, हा आपला ठरलेला फंडा. फौजदारी कायदा म्हटलं की आपल्याला चोर-दरोडेखोर आठवतात. पण मंडळी, आपल्यासारखी पांढरपेशी माणसं गुन्ह्याच्या सगळ्यात जवळ कुठे जात असतील, तर ती मांडवात.

हे घ्या रेट कार्ड. हुंडा : 1961 च्या कायद्यानुसार देणारा आणि घेणारा, दोघांनाही साधारण किमान 5 वर्षं कैद. दंड किमान 15 हजार किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, जे जास्त असेल ते. नुसता मागितला तरी 6 महिने ते 2 वर्षं. वरातीत हवेत बार : 2019 च्या दुरुस्तीनंतर, कुणाच्या जिवाला धोका होईल असा 'आनंदाचा' गोळीबार केला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरी सुटका नाही. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर आमच्या जिल्ह्यातले पिस्तूलवाले फोटो राज्यभर गाजले आणि शस्त्रपरवान्यांची झाडाझडती झाली. आणि 'बसून' झाल्यावर गाडी चालवली, तर पहिल्यांदा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात, तर 2 वर्षं आणि 15 हजारांपर्यंत मजल जाते.

पण यातलं काहीही न करता, नुसतं जेवून हात धुतले तरी गुन्हा होऊ शकतो, हे किती जणांना माहितीये?

ऑफिसमधल्या एका गाववाल्याला व्हॉट्सअॅपवर पत्रिका आली. नवरी दहावीत. तो म्हणाला, ''लग्न काही मी लावत नाहीये. आपण फक्त जेवायला जाणार!'' मी त्याला 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा वाचायला दिला. त्यातल्या कलम 11 मध्ये बालविवाहाला उत्तेजन देणाऱ्यांत लग्नाला हजर राहणाराही धरला आहे. शिक्षा 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. या कलमात बायकांना कैद नाही, दंड मात्र आहे. लग्न लावणारा आणि 18 च्या पुढचा नवरदेव, यांनाही तेवढीच शिक्षा. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कागदावरची धमकी वाटते? 2022 मध्ये परळी तालुक्यात एका बालविवाहाच्या प्रकरणात सुमारे 200 वऱ्हाड्यांवर गुन्हा दाखल झाला होता.

नवरदेवाचं प्रकरण तिथेच थांबत नाही. पत्नी 18 च्या आतली असेल तर शरीरसंबंध हा बलात्कारच, असं सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये स्पष्ट केलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. तिथे शिक्षा सुरूच होते 10 वर्षांपासून.

आता तुम्ही म्हणाल, हे असतं एखादं लग्न. नाही हो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास 44 टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा साधारण 22. आईबाप वाईट आहेत म्हणून? दिवाळीच्या आसपास ते ऊसतोडीला जातात, ते पाच-सहा महिन्यांनी परततात. वयात आलेली लेक मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय उचल मिळते जोडीला, म्हणजे एका 'कोयत्या'ला. लग्न झालं की घरात नवा कोयता तयार. भीती आणि हिशेब एकाच मांडवात बसतात. त्यामुळे नुसत्या शिक्षेनं हे थांबणार नाही, त्या पोरींना सहा महिने राहायला वसतिगृह आणि जायला शाळा हवी, असं माझं ठाम मत आहे. पण ते होईपर्यंत एका पोरीची दहावी वाचवणं आपल्या हातात आहे.

कसं? 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर 24 तास सुरू असतो, किंवा 112 फिरवा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवकच (आताचं नाव ग्रामपंचायत अधिकारी). मांडव पडायच्या आधी कोर्टाकडून मनाई हुकूमही मिळतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याच्या दृष्टीनं झालंच नाही असं धरतात. लग्न होऊन गेलं असेल, तरी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ती मुलगी ते रद्द करून मागू शकते. हे तिला कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

काकू रुसतील, भाऊकीत चर्चा होईल, 'शहरात जाऊन लई शहाणी झाली' हेही ऐकावं लागेल. ऐकायचं. पत्रिका आली की मुहूर्ताच्या आधी नवरीचं वय विचारायचं. तिला अठरा पूर्ण होऊ द्या. मग तिच्या मनात असेल तर आहेर दुप्पट करू की!